भुताचा सिनेमा आणि आडनावाची भीती

रविवारची वंदना आटोपून विहारातून घरी आलो तर दारात चार विद्यार्थी उभे. तीन मुलगे, एक मुलगी. "जयभीम सर," म्हणाले आणि चपला काढून सरळ आत आले. पुण्याच्या एका महाविद्यालयात मास कम्युनिकेशन शिकणारी ही पोरं. कोणी परभणीकडचा, कोणी वाशीमचा, मुलगी सोलापूर जिल्ह्यातली. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून त्यांना दहा मिनिटांची फिल्म करायची आहे. फिल्म करायची म्हटल्यावर मला आनंदच झाला. आपल्या पोरांनी पेनाबरोबर कॅमेराही हातात घ्यावा असे मी याच सदरात पूर्वी लिहिले आहे. विषय काय, विचारले. चौघांनी एकमेकांकडे पाहिले. मग वाशीमचा पोरगा खाली बघत म्हणाला, "भुताची आहे सर. हॉरर."

वाचक मित्रहो, खरे सांगतो, मला राग आला. ज्या वस्तीत मी वाढलो तिथे अंगात येणाऱ्या बायका होत्या, लिंबू-मिरच्या उतरवणारे भगत होते. ते सारे मागे टाकायला एका पिढीला आयुष्य खर्ची घालावे लागले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी याच पुण्यात खून झाला, तेव्हा कुठे सरकारला जाग येऊन वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. आणि आमची शिकलेली मुले भूत नाचवणार? मी हे सगळे त्यांना ऐकवले. चहा येईपर्यंत ऐकवत राहिलो.

मुलगी शांत होती. कप खाली ठेवून म्हणाली, "सर, भूत नाही दाखवायचं. भीती दाखवायचीय. भूत खोटं असतं, भीती खरी असते."

या एका वाक्यावर माझी बाजू ढिली पडली. म्हटले, बसा. काय लिहिलेय ते वाचा.

त्यांनी सुरुवातीचा प्रसंग कागदावर आणला होता. सिनेमाच्या भाषेत त्याला ओपनिंग सिक्वेन्स म्हणतात. दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये पहिली दोन मिनिटे म्हणजे निम्मी लढाई, हे त्यांचे मास्तर त्यांना सांगतात आणि ते बरोबरच आहे. कागदावर होते असे: अमावस्येची रात्र. कॅमेरा गावाच्या चावडीपासून निघतो, देवळावरून पुढे जातो, शेवटचे घर मागे पडते, ओढा ओलांडतो, चिंचेखालून जातो आणि मसणवट्याजवळच्या झोपडीपाशी थांबतो. झोपडीतून हात बाहेर येतो. काळा, राकट हात.

मी विचारले, "ओढ्यापलीकडे कोण राहतं रे?"

कोणी बोलेना. परभणीच्या मुलाच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडला. "आपणच राहतो की सर."

यात त्या पोरांचा दोष नाही. जे पाहिले ते लिहिले. आपल्याकडच्या भयपटाचा कॅमेरा नेहमी गावातून गावकुसाबाहेर जातो. चांगले लोक आत, अभद्र ते बाहेर. काळे, दात पुढे आलेले, मळके ते भूत. कमाल अमरोहींचा 'महल' १९४९ सालचा. वादळी रात्र, ओसाड हवेली, आणि तिची कहाणी सांगणारा म्हातारा माळी. म्हणजे हवेली मालकाची आणि भीतीचा हमाल नोकर. पुढे रामसे बंधू आले. १९७२ साली महाबळेश्वरला मुक्काम ठोकून, घरातल्याच माणसांच्या बळावर त्यांनी 'दो गज जमीन के नीचे' केला. थोड्या पैशात सिनेमा कसा होतो ते विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून जरूर शिकावे. पण १९८४ च्या 'पुराना मंदिर'चे कथानक पाहा. राजघराणे पीडित, आणि पीडा देणारा तो सामरी! प्रेक्षकाने कोणाच्या बाजूने घाबरायचे हे तिकीट काढतानाच ठरलेले असते.

गंमत अशी की महाराष्ट्रातली भुते तर जातवार आहेत. ही काही माझी टवाळी नव्हे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन, ज्यांचा १९०९ साली अनंत कान्हेरे याने खून केला, त्यांनी लोकसमजुतींची टिपणे जमवून ठेवली होती. ती आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ च्या सुमारास छापली. कोकणच्या भागात भुतांची यादी आहे. मुंज झालेला ब्राह्मण मुलगा मेला तर तो मुंज्या, पिंपळावर राहणार. ब्राह्मणाचेच दुसरे भूत ब्रह्मसमंध. क्षत्रिय घरातला अविवाहित मेला तर वीर. शूद्र मेला तर देवचार. मुसलमानाचा खवीस. माणूस मेला तरी जात काही मरत नाही! चितेवर सगळे जळते म्हणतात, पण दाखला तेवढा शाबूत राहतो. आणि त्यातही मोठ्या जातीच्या भुताची जागा मोठी, त्याला नैवेद्य वेगळा. मी हे सांगितले तेव्हा पोरं खो खो हसली. मग वाशीमचा पोरगा म्हणाला, "सर, म्हणजे 'मुंज्या'ला थिएटरात एवढी गर्दी झाली ती कोणाच्या भुताला?" २०२४ चा तो सिनेमा चौघांनीही पाहिला होता. मी पाहिलेला नव्हता, ते त्यांना सांगितले. पण २०१८ चा 'तुंबाड' मी पाहिला आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कारण तिथे अभद्र बाहेरून येत नाही. ते वाड्यातच आहे, कुलीन घराच्या पोटात, त्या घराच्या हावेत. राही अनिल बर्वे यांनी कॅमेरा ओढ्यापलीकडे पाठवलाच नाही. तो वाड्याच्या आत, खाली, आणखी खाली गेला.

"मग आपणही कॅमेरा उलटा फिरवू," मुलगी म्हणाली. "वस्तीतनं गावाकडं."

इथून आमची खरी बैठक सुरू झाली. दुपारी जेवणही तिथेच झाले. सौभाग्यवतींनी पिठलं-भाकरी केली.

कॅमेरा उलटा फिरवण्याचे काम अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी आपल्या आधी केले आहे. आपले त्यांच्याशी नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली मुंबईत पँथर जन्माला आली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तेव्हा त्यांच्या सिनेमाकडे बघायला आपल्याला संकोच नको.

जॉर्ज रोमेरो हा गोरा दिग्दर्शक. पिट्सबर्ग शहराजवळ मित्रांच्या मदतीने, सव्वा लाख डॉलरच्या आत, १९६८ साली त्याने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला. कृष्णधवल. रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप. नायक म्हणून ड्युएन जोन्स हा काळा नट घेतला, आणि तोही तो काळा आहे म्हणून नव्हे. चाचणीत तो सर्वांत चांगला ठरला म्हणून. रात्रभर प्रेतांशी झुंजून तो एकटा जिवंत राहतो, आणि सकाळी मदतीला आलेली गोऱ्यांची टोळी त्याला गोळी घालते. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. प्रेक्षकाला वेगळे काही समजावून सांगायची गरज उरली नाही. या सिनेमावर हक्काची सूचना छापायची राहून गेल्यामुळे अमेरिकेत तो सार्वजनिक मालकीचा झाला. विद्यार्थ्यांनी बिनधास्त बघावा, थांबवून थांबवून बघावा.

आम्ही त्याची सुरुवात लॅपटॉपवर चार वेळा पाहिली. एक मोटार लांबच्या रस्त्याने कबरस्तानात येते. भाऊ-बहीण बापाच्या कबरीवर फुले वाहायला आले आहेत. अजून उजेड आहे. भाऊ कुरकुरतो, बहिणीला घाबरवून चिडवतो. दूरवर एक माणूस चाललेला दिसतो. साधा, कोट घातलेला, जरा झोकांड्या खात चालणारा. प्रेक्षकाला वाटते असेल कोणी. तो जवळ येईपर्यंत कोणालाच काही वाटत नाही. अमावस्या नाही, घुबड नाही, धूर नाही. परभणीचा पोरगा म्हणाला, "सर, भीती लांबून येते हो. आपण तिला दारातच आणून उभी केली होती."

दुसरा सिनेमा जॉर्डन पील या काळ्या दिग्दर्शकाचा, २०१७ चा 'गेट आउट'. ४५ लाख डॉलरमध्ये झाला, जगभरात पंचवीस कोटींवर कमावले, आणि मूळ पटकथेचे ऑस्कर मिळवणारा पील हा पहिला काळा लेखक ठरला. पण ऑस्करचे कौतुक मला नाही. त्याची सुरुवात बघा. गोऱ्यांची श्रीमंत वसाहत. रात्र. रस्त्यावर दिवे आहेत, हिरवळ कापलेली आहे, सगळे कसे स्वच्छ. एक काळा तरुण पत्ता चुकलाय, फोनवर बोलत चाललाय. एक पांढरी मोटार शेजारून जाते, वळते, हळूहळू मागे येऊ लागते. तरुण स्वतःशीच पुटपुटतो आणि उलटा फिरतो. मोटारीत जुने गमतीचे गाणे लागलेले असते. कॅमेरा न तोडता हे सारे चालते, आणि मग त्याला पकडून डिकीत कोंबले जाते. २६ फेब्रुवारी २०१२ रोजी फ्लोरिडातल्या अशाच एका बंदिस्त वसाहतीत ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा काळा मुलगा रस्त्याने जाताना गोळी लागून मेला होता. आपल्या प्रेक्षकाला अंधाऱ्या जंगलाची भीती वाटते. काळ्या मुलाला दिव्यांच्या रस्त्याची वाटते. पीलने फक्त भीतीचा पत्ता बदलला.

मी विचारले, "तुमचा पत्ता कोणता? पुण्यात तुम्हाला कशाची भीती वाटते? खरं सांगा. पोलीस, परीक्षा सोडून."

मुले विचार करत होती. मुलीने विचारही केला नाही. "आडनाव विचारतात त्याची," म्हणाली.

ती पेठेत एका घरी कॉट बेसिसवर राहते. घरमालकीण काकू चांगल्या आहेत. अगदी मनापासून चांगल्या, हे ती तीनदा म्हणाली. ताप आला तर मुगाची खिचडी वर पाठवतात. पहिल्या दिवशी त्यांनी आधार कार्ड पाहिले, आडनाव वाचले आणि निश्चिंत झाल्या. कारण आडनाव असे आहे की ते मराठ्यांतही आहे आणि आपल्यातही आहे. महाराष्ट्रात जाधव, गायकवाड, मोरे, पवार ही सगळी आडनावे अशी दोन दारांची आहेत. काकूंनी समजायचे ते समजून घेतले, हिने खुलासा केला नाही. त्याला आता दोन वर्षे झाली. तिच्या बॅगेच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेला, बाबासाहेबांचा फोटो आहे. आईचा फोन आला की ती गच्चीवर जाते. का? कारण आई फोन उचलल्याबरोबर मोठ्याने "जयभीम बाळा" म्हणते.

खोलीत कोणी बोलेना. पोरांनाही हे माहीत नव्हते. दोन वर्षे एका बाकावर बसून!

मी उठलो आणि कपाटातून शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा बारावा खंड काढला. त्यात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हा आठवणींचा मजकूर आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांना तो ठाऊक असेल, तरी बडोद्याचा भाग मी पुन्हा सांगतो, कारण त्या दिवशी तो मी पहिल्यांदाच वेगळ्या नजरेने वाचला. १९१७ साल. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक. म्हणून पारशी धर्मशाळेत गेले. अंगात सदरा नाही, कमरेला कस्ती नाही, हे पाहून तिथल्या माणसाने ओळखले की हा पारशी नव्हे. पण गिऱ्हाईक नव्हते, दिवसाला दीड रुपया मिळत होता, म्हणून पारशी नाव लावून राहायचे ठरले. रोज नोंदवहीत खोटे नाव. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली आणि बाहेर भलामोठा दिवाणखाना. मोडक्या खुर्च्या, बाके, फळ्या असे अडगळीचे सामान. वीज नाही. रात्री एक छोटा कंदील, त्याचा उजेड हातभरसुद्धा जात नसे. आणि अंधारात वटवाघळे. मध्येच फडफडली की अंगावर काटा यायचा असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. अकराव्या दिवशी सकाळी ते बाहेर पडायच्या तयारीत होते, वाचनालयाची परत करायची पुस्तके हातात घेत होते, तेव्हा जिन्यावर पुष्कळ माणसांची पावले वाजली. त्यांना वाटले, प्रवासी आले असतील. वर आले ते डझनभर पारशी, प्रत्येकाच्या हातात काठी. तू कोण?

मी वाचून थांबलो. वाशीमचा पोरगा म्हणाला, "सर, हा तर पूर्ण ओपनिंग सिक्वेन्स आहे. शॉट डिव्हिजनसकट."

खरेच आहे. खोटे नाव, अंधार, कंदील, वटवाघूळ, आणि जिन्यावरची पावले. जगातल्या कुठल्याही भयपटात याहून जास्त काय असते? फरक एवढाच की इथे वर चढून येणारे जिवंत होते, आणि खाली त्यांची दुकाने, घरे, मुलेबाळे होती.

संध्याकाळी आमचे शेजारी, निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही सारे गुरुजी म्हणतो, ते आले. त्यांना हे मुळीच पसंत पडले नाही. "बाबासाहेबांच्या दुःखाचा भुताटकीचा सिनेमा करता? लोक काय म्हणतील?" त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. आपल्या महापुरुषाचे पडद्यावर काय काय करून ठेवतात ते आपण पाहतो. पण माझे मत निराळे पडले. बाबासाहेबांनी तो मजकूर परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय ते कळावे म्हणून लिहिला. व्याख्या दिली नाही, प्रसंग सांगितले. कंदिलाचा उजेड किती इंच पोचतो हे लिहिणाऱ्या माणसाला वाचकाच्या अंगावर काटा आणायचा होता, यात मला तरी शंका नाही. गुरुजींच्या आग्रहाने एक गोष्ट मात्र ठरली आणि ती योग्यच झाली. पडद्यावर बाबासाहेब दिसणार नाहीत, कोणी नट त्यांच्या वेशात येणार नाही. गोष्ट आजची, मुलीची. बडोदे तिच्या तळाशी राहील, टॉवेलातल्या फोटोसारखे.

आणखी एक सूचना चौथ्या मुलाने केली होती. हा फारसा बोलत नसे. त्याला सुरुवात एखाद्या हत्याकांडाने करायची होती. २९ सप्टेंबर २००६ चे खैरलांजी त्याच्या डोक्यात होते. चार प्रेते, कालवा. मुलगी लगेच म्हणाली, नाही. मीही नाही म्हटले. त्या कुटुंबाचे मरण आमच्या पहिल्या दोन मिनिटांचा मसाला होणार नाही. जे घडले ते दाखवण्याची जबाबदारी वेगळी आहे, तिला वेगळा सिनेमा लागतो, वेगळी तयारी लागते. मुलाने ऐकले, पण त्याला ते पूर्ण पटले असे मला वाटत नाही. पटायलाच हवे असेही नाही.

मग रात्री साडेदहापर्यंत शॉट लिहीत बसलो. मी सिनेमाचा माणूस नाही, पण हिचकॉकची एक गोष्ट मला ठाऊक होती ती कामी आली. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब ठेवलेला आधी दाखवला आणि मग टेबलावर माणसे साध्या गप्पा मारत बसली, तर प्रेक्षक पंधरा मिनिटे खुर्चीच्या कडेवर बसतो. आमच्या फिल्ममध्ये बॉम्ब म्हणजे आडनाव. ते पहिल्या दहा सेकंदांतच ठेवायचे. म्हणून पहिला शॉट असा: भाडेकरूची नोंद करायचा फॉर्म, त्यावर मुलीचा हात. नाव लिहिते. आडनाव लिहिते. पेन क्षणभर थांबते. बाईचा आवाज, प्रेमळ: "अगं, जाधव म्हणजे कुठले जाधव तुम्ही?" उत्तर ऐकू येत नाही. कारण तेवढ्यात मिक्सर सुरू होतो. काकू हसतात. हसल्या म्हणजे उत्तर चालले. काय उत्तर दिले ते प्रेक्षकाने ठरवावे.

नंतर ती सामान घेऊन लाकडी जिना चढते. चौदा पायऱ्या. बॅग जड आहे म्हणून ती तोंडातल्या तोंडात मोजते. ही कल्पना वाशीमच्या मुलाची, आणि सगळ्या कागदावर मला तीच सर्वांत आवडली. कारण दिवसा उजेडात, कोणताही धोका नसताना, प्रेक्षकाला आपण शिकवून ठेवतो की पायऱ्या चौदा आहेत आणि बारावी करकरते. मग रात्र. वीज गेली आहे. मोबाइलची बॅटरी लावून ती बॅग उपसते, टॉवेल उलगडते. फोटो आम्हाला दिसत नाही, फक्त काचेवरचा उजेड तिच्या तोंडावर पडतो. भिंतीवर खिळा आहे, रिकामा. ती खिळ्याकडे बघते. पुन्हा टॉवेल गुंडाळते. आणि फोन वाजतो.

इथे रिंगटोन कोणती ठेवायची यावर बोलणे निघाले. कोणीतरी सहज म्हणाले, भीमगीताची ठेवू. आणि सगळेच गप्प झाले. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याच्या रिंगटोनवरून वाद होऊन आपल्या एका तरुणाला मारून टाकले गेले, ते देशभरच्या वर्तमानपत्रांत आले होते. या पोरांनी ते शाळेत असताना ऐकले होते. शेवटी साधी घंटीच ठेवायची ठरली. फोन स्पीकरवर आहे, कारण दोन्ही हात टॉवेलात. आईचा आवाज खोलीभर होतो: "जयभीम बाळा, जेवलीस का?" ती झडप घालून आवाज कमी करते. शांतता. खालून एक पायरी वाजते. मग दुसरी. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही, दार दाखवत नाही, जिना दाखवत नाही. प्रेक्षक मोजू लागतो. दहा. अकरा. बारावी करकरते. आणि पावले तिथेच थांबतात.

"मग?" गुरुजींनी विचारले. तेसुद्धा पुढे सरकून बसले होते!

"मग काही नाही गुरुजी. काळा पडदा. टायटल."

हे चित्रित कसे करायचे, त्यावरही बराच ऊहापोह झाला. पैसे नाहीत. कॅमेरा महाविद्यालयाचा, तोही दोनच दिवस, बाकी मोबाइलवर. मिशिगनच्या सॅम रेमीने मित्रांना घेऊन १९७८ साली छोट्या फिल्मवर आधी नमुना केला होता, आणि तो दाखवून 'द ईव्हिल डेड'साठी पैसे जमवले. त्याच्याकडे महागडी साधने नव्हती, म्हणून कॅमेरा लाकडी फळीला मधोमध बांधायचा आणि दोघांनी दोन टोके धरून जंगलातून पळायचे. आमच्या परभणीकराने लगेच फळी शोधली. पण आम्हाला पळायचे नाही, जिना चढायचा आहे, आणि तोही सावकाश. फळीवर मोबाइल बांधून आमच्याच चाळीच्या जिन्यावर दोनदा चढून पाहिले. पहिल्यांदा खालचे भाडेकरू भांडायला आले. दुसऱ्यांदा छान झाले. जिन्याचा आवाज मात्र आमच्या जिन्याचा चालणार नाही, तो सिमेंटचा आहे. पेठेतल्या जुन्या वाड्यात, जे थोडे उरलेत त्यातल्या एकात, एका ओळखीच्या भाडेकरूने वीस मिनिटे रेकॉर्डिंग करू दिले. तिथे करकरणारी पायरी बारावी नव्हे, सातवी निघाली. संकलनात ती पुढे ढकलता येते म्हणे.

वाचकांपैकी काहींना वाटेल, यात भूत कुठे आहे? हा प्रश्न त्यांच्या परीक्षकांनाही पडणार आहे. हॉरर म्हणून गुण देणार का सामाजिक म्हणून, अशी धास्ती पोरांना आहे. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला. त्यातल्या शीर्षककथेतही जात लपवून राहणाऱ्या माणसाचीच धास्ती आहे. साठ वर्षे उलटून गेली. तेव्हा समीक्षकांनी त्याला विद्रोही म्हटले, दलित म्हटले. भयकथा कोणी म्हटले नाही.

मात्र एक अडचण अजून सुटलेली नाही. टायटलवर नावे येतात. दिग्दर्शन मुलीचे आहे, पडद्यावरही तीच आहे. फिल्म झाली की यूट्यूबवर टाकायची, स्पर्धेला पाठवायची. नागराज मंजुळे यांची 'पिस्तुल्या' ही अशीच अहमदनगरला शिकताना केलेली छोटी फिल्म होती आणि तिने राष्ट्रीय पुरस्कार आणला, हे या पोरांना पाठ आहे. पण फिल्म पाहिली की काकूंना सगळे कळणार. परीक्षा एप्रिल-मेमध्ये. डिपॉझिट अडकलेले. पेठेत दुसरी खोली महिना-दोन महिन्यांत मिळत नाही, आणि मिळाली तरी पुन्हा तोच फॉर्म. मुले म्हणाली, फक्त पहिली नावे टाकू, आडनावे कोणाचीच नको. तिने आईला विचारले. आई शेतमजुरी करते, तिने फिल्म म्हणजे काय ते नीट समजून घेतले आणि म्हणाली, "बापाचं आडनाव लाव. चोरी केलीस का?" आईला पेठेतले भाडे भरायचे नाही असे मुलगी हसत म्हणाली, पण नंतर बराच वेळ ती गच्चीवर उभी होती.

मी काही सल्ला दिला नाही. माझे स्वतःचे घर आहे, दारावर आडनावाची पाटी आहे आणि वर निळा झेंडा. ज्याला जिन्यावरची पावले ऐकायची नाहीत त्याने धैर्याचा सल्ला देणे सोपे असते.

त्यांनी टायटलसाठी चार सेकंदांचा काळा पडदा ठेवला आहे आणि तो सध्या रिकामा आहे. चित्रीकरण येत्या शनिवारी-रविवारी. जाताना मुलगी माळ्यावरचा आमचा जुना कंदील घेऊन गेली. शॉटमध्ये तो पेटवायचा नाही, नुसता कोपऱ्यात ठेवायचा म्हणते. त्याची काच तडकलेली आहे, सांभाळून ने, एवढे मी सांगितले.